पोटाचा जुना आजार आणि फोनवरची तपासणी: जांबोटी भागातल्या एका कुटुंबाला उत्तर

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमच्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो. तुमचं गाव जांबोटीच्या पुढे, रानात. पत्नीचं वय ३१. चार वर्षांपासून अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज येऊन जखमा होण्याचा जुनाट आजार, तोही आतड्याच्या डाव्या भागात. मेसालामाइन (आतड्याची सूज उतरवणारं औषध) आणि ॲझाथायोप्रिन (प्रतिकारशक्तीचा जोर कमी करणारी गोळी) चालू आहे. दर दोन महिन्यांनी बेळगावला यायचं म्हणजे दोघांचा दिवस जातो आणि तुमचा रोजगार बुडतो. आता डॉक्टर म्हणतात, एकाआड एक भेट फोनवर करू. तुमच्या आई म्हणतात, "फोनवरनं पोट कसं कळतंय?" पुण्याचे मेहुणे तिकडचा मोठा डॉक्टर ऑनलाइन गाठायला सांगतात. घरात रेंज धड नाही. गेल्या पावसाळ्यात त्रास उलटला तेव्हा दोन आठवडे मेडिकलमधल्या गोळ्यांवर निघाले आणि मग बेळगाव गाठावं लागलं. शेवटी विचारलंय की दुसऱ्या मुलाचा विचार आहे, त्याचं काय.

थेट सांगतो. या आजारात फोनवरची देखभाल चालते, आणि एकाआड एक ही तुमच्या डॉक्टरांची पद्धत मला पटते. मात्र दोन फोनच्या मधल्या काळात घरी कोणीतरी मोजत असलं पाहिजे. मोजमाप नसेल तर तो फोन म्हणजे नुसती खुशाली विचारणं.

आईंच्या प्रश्नात तथ्य आहे, म्हणून त्याचं उत्तर आधी देतो. आजार शांत असताना तुम्ही बेळगावला येता तेव्हा आम्ही डॉक्टर नेमकं काय करतो ते आठवा. संडासला किती वेळा, रक्त जातं का, वजन किती, हे विचारतो. रक्ताचा रिपोर्ट बघतो. पोटाला हात लावतो, तो लावावाच, पण शांत कोलायटिसमध्ये हाताला बहुतेक वेळा काही लागत नाही. मग चिठ्ठी. यातला निर्णय ज्यावर होतो तो मजकूर तुमच्या पत्नीच्या तोंडून आणि लॅबच्या कागदावरून येतो, आणि दोन्ही गोष्टी फोनवरून पोचतात. हर्निया, अपेंडिक्स किंवा अचानक उठलेलं पोट याचं तसं नाही. तिथे आईच बरोबर.

यावर परदेशात चांगले अभ्यास झालेत. नेदरलँड्समध्ये चार रुग्णालयांतल्या ९०९ रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीची पद्धत आणि निम्म्यांना घरून माहिती भरायची दूरदेखभाल, असं वर्षभर चाललं. दवाखान्याच्या फेऱ्या नेहमीच्या गटात वर्षाला सरासरी २.३४ झाल्या, दूरदेखभालीच्या गटात १.५५, भरती होण्याचं प्रमाणही तिथे निम्मं भरलं आणि रुग्णांच्या मते काळजीचा दर्जा कमी झाला नाही. डेन्मार्कचा २०१० चा अभ्यास तर मला जास्त शिकवून गेला. तिथे रुग्णांना आजार उलटल्याचं ओळखायला आणि ठरलेलं मेसालामाइन स्वतःच वाढवायला शिकवलं होतं. त्यांचा उलटलेला त्रास साधारण १८ दिवसांत आवरला. नेहमीच्या पद्धतीत त्याला ७७ दिवस लागले. आता दुसरी बाजू. अमेरिकेत ३४८ रुग्णांवर मोबाइल संदेशांची पद्धत वापरून पाहिली, तेव्हा आजाराच्या जोरात किंवा रुग्णाच्या रोजच्या जगण्यात नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळा फरक पडला नाही. भरती थोडी कमी झाली आणि फोन व तपासण्या वाढल्या. माझा अर्थ असा की गुण ॲपचा नाही. डेन्मार्कमध्ये रुग्णाच्या हातात आधीच ठरवून दिलेली योजना होती, आणि दिवस वाचले ते तिच्यामुळे.

म्हणून मोजण्याबद्दल जरा विस्तारानं लिहितो.

आपल्याकडचा रुग्ण फोनवर भारी सभ्य असतो. "कसं आहे?" विचारलं की "बरं हाय की". डॉक्टरला त्रास द्यायचा नाही, फोनचं बिल वाढवायचं नाही, शेजारी सासूबाई बसल्यात, अशी सगळी कारणं त्या तीन शब्दांत असतात. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा, ओढलेले डोळे, सैल झालेला ब्लाउज मला दिसतो. फोनवर दिसत नाही. तेव्हा "कसं आहे" हा प्रश्न फोनवर मी विचारतच नाही. चार गोष्टी विचारतो: दिवसभरात किती वेळा परसाकडे जावं लागलं, रात्री झोपेतून उठून किती वेळा, रक्त किंवा आव किती, आणि कळ आल्यावर धीर धरवतो की धावतच जावं लागतं. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी १९९८ साली याच गोष्टींना गुण देऊन एक साधं कोष्टक केलं. त्यात जोडीला अंगातली तरतरी आणि सांधे, डोळे, कातडी यांच्या तक्रारी धरल्या. जगभर तेच वापरतात, कारण त्याला रक्त काढावं लागत नाही. गुणांची बेरीज दोनच्या आत असेल तर आजार शांत, पाच किंवा वर गेली तर उलटला असं ढोबळमानानं समजतात. तुमच्या डॉक्टरांकडून ते कोष्टक मराठीत लिहून घ्या.

रोज वही भरायला सांगितलं तर आठवडाभर भरतात आणि पुढे वही धान्याच्या कणगीवर पडून राहते, हे मला माहीत आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज झोपताना दोन आकडे लिहा: दिवसाचा आणि रात्रीचा. रक्त दिसलं त्या दिवशी लाल पेनानं ठिपका. बाकी काही लिहू नका. शांत काळात दोन महिन्यांचं कॅलेंडर एका नजरेत वाचता येतं. फोनच्या आदल्या दिवशी त्याचा फोटो डॉक्टरांना पाठवला की निम्मं बोलणं झालं.

दोन बारकावे सांगतो. बाईमाणसाला पाळीच्या दिवसांत संडास पातळ होणं, पोटात मुरडा येणं हे या आजारात बऱ्याचदा होतं. शिवाय रक्त कुठलं याचा घोटाळा होतो. पाळीचे दिवस कॅलेंडरवर वेगळ्या खुणेनं दाखवा, नाहीतर दर महिन्याला आजार उलटल्याची खोटी भीती वाटेल. दुसरं म्हणजे रात्रीचा आकडा. दिवसातल्या तीन-चार फेऱ्या चहा, ताक, जत्रेचं जेवण यांनीही होतात. झोपेतून उठवणारी कळ मात्र उगाच येत नाही. लागोपाठ तीन रात्री उठावं लागलं तर फोनच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी कळवा.

मोजायचं कोणी? त्यांनी स्वतः. आणि फोनवर बोलायचंही त्यांनीच. पत्र तुम्ही लिहिलंत, हिशेब तुम्हाला ठाऊक आहे, हे चांगलं. पण "तिला कालपासून जरा बरं वाटतंय" असं नवऱ्यानं सांगितलेलं वाक्य मला फार उपयोगी पडत नाही. गुदद्वारातून द्यायचं औषध नीट घेतलं जातंय का, रक्त दिसल्यावर लाजेनं लपवलं का, गोळ्या परवडत नाहीत म्हणून दोनच्या जागी एक घेतली का, हे नवऱ्याच्या किंवा सासूच्या समोर निघत नाही. फोन त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही अंगणात जा. शेवटी पाच मिनिटं तुम्ही बोला. डॉक्टर पुरुष असतील आणि त्यांना संकोच वाटत असेल तर दवाखान्यातल्या सिस्टरशी आधी बोलणं करून देता येतं का ते विचारा.

भाषेचं सांगायचं तर, आपल्या भागात बाजारापुरतं कन्नड बहुतेकांना येतं. पोटाच्या आतलं दुखणं सांगायला तेवढं पुरत नाही. समक्ष भेटीत हातवारे करून निभावतं, फोनवर निभावत नाही. तुमचे डॉक्टर मराठी बोलत नसतील तर दवाखान्यातला मराठी बोलणारा माणूस फोनवर सोबत घ्यायचा आग्रह धरा. घरातल्या शाळकरी मुलीला दुभाषी करू नका. तिच्यासमोर आई रक्ताचं सांगणार नाही.

आता तपासण्या. ॲझाथायोप्रिनचा एक धोका असा की रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात आणि यकृतावर ताण येतो, आणि सुरुवातीला याचं काहीच लक्षण जाणवत नाही. गोळी नव्यानं सुरू होते तेव्हा पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत रक्त वरचेवर तपासतात. डोस बसला की दर तीन महिन्यांनी हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) आणि यकृताची तपासणी पुरते, पण ती कायम चालू ठेवायची. चार वर्षं काही झालं नाही म्हणून बंद करायची नाही. काही लोकांच्या जनुकांत असा बदल असतो की साध्या डोसनंही पेशी कोसळतात. भारतीयांमध्ये तो दुर्मीळ नाही, आणि गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस पुंजक्यांनी गळायला लागणं ही त्याची खूण असू शकते. तुमच्या घरी तो टप्पा मागे पडलाय, तरी ताप आला, घसा फार दुखला, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी रक्त तपासा. मेसालामाइनसाठी वर्षातून एकदा किडनीचा क्रिएटिनिन बघितला की झालं.

ही रक्तं खानापूरला देता येतात. त्यासाठी बेळगाव गाठायची गरज नाही. मात्र प्रत्येक वेळी त्याच लॅबमध्ये द्या, आणि रिपोर्टचा फोटो उजेडात, चारही कोपरे दिसतील असा काढा. नाव आणि तारीख कापलेला फोटो आला की मला तो कोणाचा तेच कळत नाही. मोबाइलमध्ये रिपोर्टचा वेगळा फोल्डर करा. गणपतीच्या फोटोंत रिपोर्ट शोधण्यात फोनची पाच मिनिटं जातात.

शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची एक तपासणी आहे. फोनवरच्या देखभालीला तिच्याइतका आधार दुसऱ्या कशाचा नाही. आतड्याच्या आत सूज असेल तर पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन शौचात वाढतं. आकडा ५० च्या आत असेल तर आतडं शांत असण्याची शक्यता चांगली, २५० च्या वर गेला तर आत काहीतरी पेटलंय असं धरून चालतो, मधल्या आकड्यांना लक्षणांशी ताडून बघायचं आणि महिना-दोन महिन्यांनी परत करायचं. आतड्यात दुर्बीण घालून बघायचं की नाही हे ठरवायला ती उपयोगी पडते, आणि लक्षणं येण्याच्या आधी काही आठवडे आकडा चढू लागलेला बऱ्याचदा दिसतो. सकाळच्या पहिल्या संडासचा नमुना घ्या, तो त्याच दिवशी लॅबला द्या, आणि आधीच्या दोन आठवड्यांत कंबरदुखीच्या गोळ्या घेतल्या असतील तर सांगा, कारण त्यांनीही आकडा वाढतो. ही तपासणी स्वस्त नाही. सहा महिन्यांनी एकदा, आणि शंका आली तर मध्ये एकदा, एवढी जमली तरी पुष्कळ.

कंबरदुखीच्या गोळ्यांचा विषय निघालाच आहे. रोप लावणीच्या, भांगलणीच्या दिवसांत बायका डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन सर्रास घेतात. अल्सरेटिव्ह कोलायटिस असलेल्यानं त्या टाळाव्यात, आजार उलटण्याचं ते एक कारण असू शकतं. पॅरासिटामॉल चालतं.

गेल्या पावसाळ्यात झालं ते पुढच्या वेळी कसं टाळायचं? आजार शांत असतानाच तुमच्या डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून घ्या की आकडे वाढले तर पहिल्या दिवशी काय करायचं. साधारण असं असतं. फेऱ्या वाढल्या, रक्त दिसू लागलं, पण ताप नाही आणि जेवण जातंय, अशा वेळी मेसालामाइनचा तोंडावाटेचा डोस ठरलेल्या कमाल मर्यादेपर्यंत वाढवायचा आणि रात्री गुदद्वारातून मेसालामाइनचा एनिमा सुरू करायचा. डाव्या बाजूच्या आजारात गोळी आणि एनिमा दोन्ही मिळून जो गुण येतो तो नुसत्या गोळीनं येत नाही, हे पक्कं आहे. आणि आमच्या भागात सगळ्यात कमी घेतलं जाणारं औषधही हेच. झोपण्यापूर्वी, डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी घेऊन. सुरुवातीच्या दोन-तीन रात्री औषध आत थांबत नाही, लगेच जावं लागतं. म्हणून बहुतेक जणी सोडून देतात. सूज उतरली की थांबायला लागतं. ही योजना सुरू केली त्याच दिवशी डॉक्टरांना फोन, आणि शौचाची साधी तपासणी. पावसाळ्यात ओढ्या-विहिरीच्या पाण्यानं येणारा जंतूंचा जुलाब हुबेहूब उलटलेल्या कोलायटिससारखा दिसतो. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, आणि फोनवरच्या आवाजावरून त्यातला फरक कोणालाही सांगता येत नाही, मलाही नाही.

या योजनेनं दहा ते चौदा दिवसांत रक्त थांबलं नाही तर बहुधा स्टेरॉइड लागतं. तो निर्णय डॉक्टरांचा, आणि तो समक्ष भेटीत व्हावा असं माझं मत आहे. प्रेडनिसोलोन साधारण ४० मिलिग्रॅमनं सुरू करून दर आठवड्याला थोडं थोडं उतरवत दोन महिन्यांत बंद करतात. इथे जे नेहमी बिघडतं ते असं: चार दिवसांत रक्त थांबतं, माणसाला वाटतं बरा झालो, गोळी एकदम बंद. किंवा उलटं, पुढच्या वेळी जुनीच चिठ्ठी मेडिकलमध्ये दाखवून स्टेरॉइड परत सुरू. तीन आठवड्यांपेक्षा जास्त घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबवलं तर शरीराची स्वतःची यंत्रणा झोपलेली असते. चक्कर, उलट्या, बीपी कोसळणं असं काहीही होऊ शकतं. जुन्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारा.

मेडिकलमधून आणलेल्या जुलाब थांबवण्याच्या गोळीबद्दल मी जरा कडक आहे. लोपेरामाइड जोरात असलेल्या कोलायटिसमध्ये घेतलं तर आतडं फुगून बसू शकतं, आणि ती शस्त्रक्रियेची वेळ असते. अँटिबायोटिकचा कोर्सही विचारल्याशिवाय नको. त्यामागून येणारा एक जंतू या रुग्णांचा आजार जास्त भडकवतो.

आता फोन करायचाच नाही, निघायचं, अशा खुणा. रक्त पडणाऱ्या फेऱ्या दिवसात सहा किंवा जास्त, आणि त्यासोबत पुढचं एकही: नाडी मिनिटाला ९० च्या वर, ताप १०० फॅरनहाइटच्या वर, हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, किंवा ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी रक्ताची तपासणी) ३० च्या वर. ही १९५० च्या दशकात ऑक्सफर्डच्या दोन डॉक्टरांनी घातलेली मर्यादा आहे आणि अजून तीच वापरात आहे. यातल्या नाडी आणि ताप या दोन गोष्टी तुम्ही चुलीपाशी बसून मोजू शकता. मनगटावर तीन बोटं ठेवून पूर्ण मिनिटभर मोजायला दोघांनीही शिका. या अवस्थेत शिरेतून स्टेरॉइड लागतं, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शन लागतं, आणि तिसऱ्या दिवशी उतार नसेल तर पुढच्या औषधाचा किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय करावा लागतो. हे बेळगावसारख्या ठिकाणी, पोटाचा सर्जन हाताशी असलेल्या रुग्णालयातच व्हायचं. पोट फुगून दगडासारखं होणं, सतत उलट्या, गरगरून पडणं यातलं काहीही दिसलं तर आकडे मोजत बसू नका.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची. जुलै-ऑगस्टमध्ये कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पाऊस असा कोसळतो की लहान नाल्यांवरचे पूल पाण्याखाली जातात आणि रात्री वडापही मिळत नाही. म्हणून पावसाळ्यात तुमची मर्यादा अलीकडे आणा. सहाऐवजी चार रक्ताच्या फेऱ्या झाल्या की दिवसाउजेडी निघा, बेळगावात नातेवाईक असतील तर त्यांच्याकडे थांबा आणि तिथून दाखवा. गोळ्या आणि एनिमा महिनाभराचे जास्तीचे घरात ठेवा.

रेंजची काळजी फार करू नका. व्हिडिओ असलाच पाहिजे असं नाही. शांत काळातल्या फोनला साधा कॉल पुरतो आणि कॅलेंडर-रिपोर्टचे फोटो गावाबाहेरच्या चढावर जाऊन आदल्या दिवशी पाठवता येतात. त्याहून चांगला मार्ग म्हणजे फोनची वेळ तुमच्या उपकेंद्रावरच ठरवायची. ज्या उपकेंद्रांचं आयुष्मान आरोग्य मंदिर झालंय तिथे बसणारे आरोग्य अधिकारी वजन, बीपी, नाडी, ताप मोजून डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगू शकतात. फोनवर मला जे कमी पडतं ते नेमकं हेच. दर वेळी त्याच काट्यावरचं वजन मिळालं तर तीन किलो उतरलेले कोणी लपवू शकत नाही. सरकारची ई-संजीवनी ही मोफत सेवा अशा केंद्रांतून आणि घरच्या मोबाइलवरूनही चालते. घरी बसून वापरायची सोय एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. सर्दी-ताप, रिपोर्ट समजून घेणं, जवळचा सल्ला यासाठी ती चांगली. पण दर वेळी वेगळे डॉक्टर भेटू शकतात, आणि कर्नाटकातून जोडलं तर ते कन्नड बोलणारे असण्याची शक्यता जास्त. कोलायटिसची वर्षानुवर्षांची देखभाल ओळखीच्या एकाच डॉक्टरकडे असावी.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल. कायद्यानं अडचण नाही. २५ मार्च २०२० ला केंद्राची दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांच्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर देशातल्या कुठल्याही भागातल्या रुग्णाला फोनवर सल्ला देऊ शकतो, आणि राज्याची सीमा आड येत नाही. चिठ्ठीवर त्याचा नोंदणी क्रमांक हवा. तो नसेल तर ती चिठ्ठी घेऊ नका. मात्र त्याच तत्त्वांत पहिल्यांदाच भेटणाऱ्या रुग्णाला फोनवर कुठली औषधं लिहिता येतात आणि आधी पाहिलेल्याला कुठली, याच्या वेगळ्या याद्या आहेत. आधी पाहिलेला म्हणजे त्याच आजारासाठी, त्याच डॉक्टरकडे, सहा महिन्यांच्या आत समक्ष झालेली भेट. तुमच्या डॉक्टरांच्या एकाआड एक पद्धतीत दर चार महिन्यांनी समक्ष भेट होते, म्हणजे तुम्ही या मर्यादेत आरामात बसता. पुण्याच्या तज्ज्ञाचं दुसरं मत जरूर घ्या, विशेषतः पुढे महागडी इंजेक्शनं सुरू करायची वेळ आली तर. पण रात्री दोनला रक्त पडायला लागलं तर पुण्याचे डॉक्टर तुम्हाला भरती करून घेणार नाहीत. मुख्य डॉक्टर बेळगावचेच ठेवा आणि पुण्याचं मत लेखी घेऊन त्यांना दाखवा. दोघांच्या चिठ्ठ्या एकाच वेळी चालू नकोत.

समक्ष भेट कधीच टाळायची नाही अशा गोष्टी थोड्या आहेत. आजाराचं पहिलं निदान, कारण त्याला दुर्बीण आणि तपासायला आतड्याचा बारीक तुकडा लागतो, आणि आपल्या देशात आतड्याचा क्षयही डोक्यात ठेवावा लागतो. गुदद्वाराजवळ गाठ, पू, फार दुखणं. नवं मोठं औषध सुरू करणं. आणि आजाराला आठ वर्षं झाली की कॅन्सरच्या दृष्टीनं नियमित दुर्बीण तपासणी सुरू करायची असते. तुमच्या पत्नीला अजून चार वर्षं आहेत, पण ते साल आत्ताच फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. शांत रुग्ण फोनवर राहिला की नेमकं हेच विसरतं.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी फोनवर पहिला प्रश्न तोच येतो. शांत काळात घरचं सगळं खा. नाचणीची भाकरी, भात, आमटी, मासे, चालेल तर ताक. आजार उलटलेला असताना कच्च्या कोशिंबिरी, खरडा, शेंगदाण्याचा भुगा काही दिवस बाजूला ठेवा, आणि ज्यानं खरंच त्रास होतो तेवढंच सोडा. महिनोन्महिने पेजेवर राहून हाडं-कातडं झालेल्या बायका मी पाहिल्यात. तो उपचार नव्हे.

दुसऱ्या मुलाबद्दल. पोटात मूल राहताना आजार शांत असणं, तोही निदान तीन ते सहा महिने, ही मुख्य गोष्ट. आजार पेटलेला असताना दिवस गेले तर आईला आणि बाळाला जास्त धोका असतो. मेसालामाइन आणि ॲझाथायोप्रिन गरोदरपणात साधारणपणे चालू ठेवतात. आजूबाजूचे लोक "एवढ्या कडक गोळ्या बाळाला बाधतील" म्हणतात, बायका गुपचूप गोळ्या बंद करतात आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात रक्त पडायला लागतं. मेथोट्रेक्सेट आणि टोफासिटिनिब ही दुसरी औषधं मात्र गरोदरपणात चालत नाहीत. पुढे कधी औषध बदललं तर हे आधी सांगा. विचार सुरू करण्याआधी एकदा कॅलप्रोटेक्टिन, हिमोग्लोबिन आणि लोह तपासून घ्या, फॉलिक ॲसिड सुरू करा. हा विषय फोनवर काढू नका. पुढच्या समक्ष भेटीत दोघांनी मिळून काढा, शक्य तर बाळंतपणाच्या डॉक्टरांचं नावही त्याच दिवशी ठरवा, आणि तोवर एकही गोळी स्वतःहून बंद करू नका.